आजारपण, बुडालेली हजेरी आणि हुकलेली परीक्षा: एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या व्यवस्थेबद्दल पालकाचा अभिप्राय

माझी लेक पुण्यातील एका स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकते. गेल्या सप्टेंबरात, गणपती विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला, तो डेंग्यू निघाला, आणि त्या आजारपणात तिचे १८ अध्यापन दिवस बुडून मध्यसत्र परीक्षेचे पाचही पेपर हुकले. प्रवेश घेताना आम्ही निकाल पाहिले, कॅम्पस मुलाखतींची चौकशी केली, वसतिगृहातील पाणी आणि मेसचे जेवण स्वतः तपासले. परंतु मूल आजारी पडले तर त्याच्या हजेरीचे आणि परीक्षेचे काय होते, हा प्रश्न आमच्या मनातही आला नाही. तो प्रश्न विचारण्याची वेळ आल्यावर जे पाहिले, तेवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे. महाविद्यालयाचे नाव मी देत नाही. लेकीची अजून अडीच वर्षे तेथेच जायची आहेत, आणि अन्य पालकांशी बोलल्यावर असे दिसले की थोड्याफार फरकाने हीच पद्धत अनेक ठिकाणी चालते.

माझे मत आधीच सांगते. या व्यवस्थेला मी पाचपैकी तीन गुण देते आणि ते तिन्ही गुण शिक्षकांचे व प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे आहेत. परीक्षा विभाग आणि हजेरीची नोंद ठेवणारा विद्यार्थी विभाग यांना स्वतंत्रपणे गुण द्यायचे झाले, तर एकापेक्षा अधिक देता येणार नाही. मी स्वतः कराडजवळच्या एका माध्यमिक शाळेत २२ वर्षे शिकवते, दररोज हजेरीपत्रक भरते, आणि आजारपणाच्या खोट्या चिठ्ठ्याही भरपूर पाहिल्या आहेत. त्यामुळे नियम नकोत असे माझे म्हणणे मुळीच नाही. नियम आजारी माणसाला पाळता येईल असा असावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

ताप आला तो मंगळवार होता. वसतिगृहातील तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने तिला जवळच्या डॉक्टरांकडे नेले, बुधवारी डेंग्यूची एनएस-वन ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली, आणि शुक्रवारी प्लेटलेट ४२ हजारांवर आल्यामुळे तिला रुग्णालयात दाखल करावे लागले. डेंग्यूमध्ये ताप उतरू लागतो त्याच सुमारास, म्हणजे साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, धोक्याचा काळ असतो. पालकांना आणि रुग्णालाही वाटते की आता बरे वाटते आहे, आणि नेमक्या त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपणे, रक्तदाब घसरणे, रक्तस्राव होणे असे प्रकार घडू शकतात. पुढच्या सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी मध्यसत्र परीक्षा होती. सोमवारी पहिला पेपर सुरू झाला, त्या वेळी तिच्या हाताला सलाईन लावलेले होते आणि दर सहा तासांनी रक्त तपासले जात होते. बुधवारी तिला घरी सोडले. त्यानंतर आमच्या कराडच्या डॉक्टरांनी दोन आठवड्यांहून थोडी अधिक विश्रांती सांगितली, कारण जिना चढल्यावर तिला घेरी येत होती आणि पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ वाचता येत नव्हते. डेंग्यूनंतरचा हा थकवा काही आठवडे टिकतो, हे ज्यांच्या घरी हा आजार होऊन गेला त्यांना वेगळे सांगायला नको. दसऱ्यानंतरच्या सोमवारी ती पुन्हा वर्गात बसली.

या सर्व काळात महाविद्यालयाकडून पहिला फोन आला तो तिच्या जीएफएम सरांचा. ज्यांना हा शब्द परिचित नाही त्यांच्यासाठी सांगते की पुण्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत साधारण वीस-पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक पालकत्वाची जबाबदारी घेतात आणि त्यांना जीएफएम म्हणतात. अनेक ठिकाणी ही जबाबदारी कागदावरच राहते आणि सत्राच्या शेवटी पालकसभेच्या पत्रकावर सही घेण्यापुरतीच आठवते. आमचा अनुभव अगदी उलट होता. शुक्रवारी रात्री साडेदहाला सरांचा फोन आला आणि त्यांनी सांगितले, “ताई, पेपरचं काय ते मी बघतो, तुम्ही आधी पोरीकडे बघा. फक्त एक करा, आज रात्रीच मला एक ई-मेल टाका. कधी ताप आला, कधी तपासणी केली, कुठं दाखल केलं, एवढंच लिहा आणि रिपोर्टचा फोटो जोडा. विभागप्रमुखांनाही पाठवा.”

त्या क्षणी मला हा सल्ला नकोसा वाटला होता. लेक तापाने फणफणलेली असताना ई-मेल लिहायला कोणाला सुचणार? तरीही रुग्णालयाच्या बाकावर बसून मी सहा ओळी लिहिल्या, आणि पुढे जे काही आमच्या बाजूने घडले ते त्या सहा ओळींमुळेच घडले. फोनवर झालेले बोलणे कार्यालयात कोठेही उरत नाही. तारीख आणि वेळ असलेला ई-मेल मात्र नाकारता येत नाही. परीक्षा सुरू होण्याच्या तीन दिवस आधी आम्ही आजाराची सूचना दिली होती, ही एकच गोष्ट पुढे तीन वेगवेगळ्या टेबलांवर उपयोगी पडली.

आता परीक्षा विभागाविषयी. तेथे असा नियम आहे की आजारपणामुळे परीक्षा हुकल्यास विद्यार्थ्याने गैरहजेरीच्या पहिल्या दिवसापासून सात दिवसांच्या आत मूळ वैद्यकीय प्रमाणपत्र स्वतः येऊन सादर करावे. हा नियम माहितीपुस्तिकेत नाही आणि संकेतस्थळावरही नाही. परीक्षा विभागाच्या खिडकीच्या काचेवर चिकटवलेल्या एका सूचनेत तो आहे. पहिला दिवस कोणता, म्हणजे वर्ग चुकलेला की पेपर चुकलेला, याचाही त्यात खुलासा नाही. वर्गाचा पहिला दिवस धरला, तर सातवा दिवस तिच्या दुसऱ्या पेपरच्या आसपास येतो आणि तेव्हा ती रुग्णालयात होती. ज्या आजाराचा सर्वांत कठीण काळ पहिल्याच आठवड्यात येतो, त्या आजारात सात दिवसांच्या आत स्वतः खिडकीपाशी उभे राहण्याची अट पूर्ण करू शकेल तो विद्यार्थी बहुधा पेपरही देऊ शकला असता. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सर्दी-पडसे असावे असे मला वाटते. कावीळ, विषमज्वर, डेंग्यू, शस्त्रक्रिया, हाड मोडणे यांपैकी कोणतेही दुखणे त्या मुदतीत बसत नाही. क्षयरोगाचा तर विचारच केलेला नाही. त्याचे साधे उपचारही किमान सहा महिने चालतात.

लेकीचे वडील दहाव्या दिवशी कागदपत्रे घेऊन पुण्याला गेले. खिडकीवरील लिपिकाने फाइल उघडली, वरच असलेला अहवाल वाचला आणि म्हणाले, “अहो, हा रिपोर्ट तर निगेटिव्ह आहे.” तो अहवाल रुग्णालयातून सोडताना केलेल्या दुसऱ्या तपासणीचा होता. एनएस-वन हे विषाणूचे प्रथिन तापाच्या पहिल्या पाचएक दिवसांत रक्तात चांगले सापडते आणि पुढे सापडेनासे होते. म्हणूनच नंतरच्या दिवसांत डॉक्टर आयजीएम ही प्रतिपिंडांची तपासणी करतात. आठव्या-नवव्या दिवशीचा निगेटिव्ह अहवाल म्हणजे आजार नव्हताच असे नव्हे. हे लिपिकाला ठाऊक असावे अशी माझी अपेक्षा नाही, आणि त्यांच्यावर माझा रागही नाही. माझा आक्षेप आहे तो वैद्यकीय अहवालांचा अर्थ लावण्याचे काम ज्या व्यवस्थेने त्यांच्यावर टाकले त्या व्यवस्थेवर. महाविद्यालयात दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक डॉक्टर येतात. ती फाइल त्यांच्याकडे पाठवली असती तर पाच मिनिटांत विषय संपला असता. तसे करण्याची पद्धत मात्र नाही.

त्यानंतर प्रमाणपत्राचा प्रश्न उभा राहिला. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डात दाखल झालेल्या दिवसापासून सोडल्याच्या दिवसापर्यंतचाच उल्लेख होता. पुढच्या विश्रांतीचे प्रमाणपत्र कराडच्या डॉक्टरांनी दिले होते. दोन वेगळ्या डॉक्टरांची दोन प्रमाणपत्रे का, घरी सोडल्यावर मुलगी वर्गात का आली नाही, आणि कराडच्या प्रमाणपत्रावरचा शिक्का पुसट का, असे तीन प्रश्न निघाले आणि अखेर सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांची सही आणण्यास सांगण्यात आले. ज्या डॉक्टरांनी मुलीला कधी तपासलेच नाही, त्यांनी तिच्या आजारपणावर सही कशाच्या आधारावर करावी, हे मला आजपर्यंत कोणी समजावून सांगितलेले नाही.

येथे महाविद्यालयाची बाजूही मी प्रामाणिकपणे मांडते. पैसे देऊन वैद्यकीय प्रमाणपत्र मिळते, हे वास्तव आहे. परीक्षेचा अभ्यास झाला नाही म्हणून पोटदुखीची चिठ्ठी आणणारी मुले असतात आणि अशा मुलांना दुसरी संधी मिळाली तर ताप अंगावर काढून पेपर देणाऱ्या मुलांवर तो अन्यायच ठरतो. म्हणून पडताळणी व्हायलाच हवी. परंतु पडताळणीचा मार्ग उपलब्ध आहे आणि तो सोपाही आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचे २००२ चे भारतीय वैद्यक परिषदेचे विनियम सांगतात की प्रत्येक प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असावा, दिलेल्या प्रमाणपत्रांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी, तीत रुग्णाची ओळखखूण लिहावी आणि प्रमाणपत्राची एक प्रत जपावी. आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे सांभाळण्याचे आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत कागदपत्रे देण्याचे बंधनही त्यातच आहे. याचा अर्थ असा की संशय आलाच, तर विद्यार्थ्याची लेखी संमती घेऊन डॉक्टरांना एक पत्र किंवा एक ई-मेल पाठवणे पुरेसे आहे. आम्ही स्वतःच शेवटी तसे केले: कराडच्या डॉक्टरांकडून नोंदणी क्रमांक, ओळखखूण आणि विश्रांतीचा नेमका कालावधी असलेले नवे प्रमाणपत्र घेतले, त्यालाच तंदुरुस्तीचा दाखला जोडला, रुग्णालयाकडून केसपेपरच्या प्रती घेतल्या, आणि सर्व कागद तारखेच्या क्रमाने लावून, वर एक पानाचा तक्ता ठेवून, पोच घेऊन दिले. पोचेवर आवक क्रमांक टाकून घ्यावा, नुसती सही पुरत नाही, हे शाळेतील कामामुळे मला ठाऊक होते. ज्यांना ठाऊक नसते त्यांचे अर्ज हरवतात.

आणखी एक गोष्ट मला फार खटकली. तिचे सर्व अहवाल असलेली फाइल दोन दिवस त्या खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर उघडी पडून होती आणि तेथे येणारा-जाणारा प्रत्येक विद्यार्थी ती चाळू शकत होता. शिवाय वर्गप्रतिनिधीमार्फत असा निरोप आला की आजारपणाची कागदपत्रे वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकावीत. लेकीचा आजार लपवण्यासारखा नव्हता. परंतु मानसोपचार घेणाऱ्या, गर्भाशयाचा विकार असलेल्या किंवा क्षयरोगाचे उपचार घेणाऱ्या मुलीने हेच करावे काय? अशी मुले मग अर्जच करत नाहीत, नापास होणे पत्करतात, आणि नोंदीत ती आळशी ठरतात. माझ्याच शाळेतून गेलेल्या एका विद्यार्थ्याबाबत हे घडलेले मी पाहिले आहे.

पुनर्परीक्षेची सोय आहे, ही गोष्ट मात्र चांगली आहे आणि तिचे श्रेय महाविद्यालयाला दिलेच पाहिजे. परीक्षा हुकली म्हणजे शून्य, असे येथे होत नाही. मध्यसत्र परीक्षा प्रत्येक विषयाला ३० गुणांची असते आणि आजारी विद्यार्थ्यांसाठी ती एकदा पुन्हा घेतली जाते. परंतु ती ज्या रीतीने घेतली गेली तिच्याबद्दल बरेच बोलता येईल. लेक वर्गात परतल्यापासून नवव्या दिवशी पुनर्परीक्षा होती आणि तिचे वेळापत्रक दोनच दिवस आधी लागले. मूळ परीक्षेत पाच पेपर तीन दिवसांत होते. पुनर्परीक्षेत तेच पाच पेपर दोन दिवसांत बसवले, त्यांपैकी तीन एकाच दिवशी. जी मुले नुकतीच आजारातून उठली आहेत, त्यांना धडधाकट मुलांपेक्षा जास्त पेपर एका दिवसात द्यायला लावणे हे कोणत्या विचाराने केले गेले असेल, याचे उत्तर मिळवण्याचा मी प्रयत्न केला. पर्यवेक्षक उपलब्ध नव्हते, असे सांगण्यात आले. प्रत्येक विषयाला ३०० रुपये शुल्कही घेतले. पंधराशे रुपये आम्ही भरू शकलो. रुग्णालयाचे बिल भरल्यावर पंधराशे रुपयांसाठीही अडणारी घरे त्याच वर्गात आहेत, हे मला लेकीच्या मैत्रिणींकडून कळले.

सर्वांत गंभीर प्रकार त्यानंतर झाला. गुणपत्रक लागले तेव्हा ‘सिग्नल्स अँड सिस्टिम्स’ या विषयात तिला १२ गुण दाखवले होते. उत्तरपत्रिका तिने पाहिली होती आणि तीत २३ गुण होते. चौकशी केल्यावर समजले की पहिल्या प्रयत्नात अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना पुनर्परीक्षेत उत्तीर्णतेपुरतेच, म्हणजे ४० टक्के गुण दिले जातात आणि तोच नियम आजारी विद्यार्थ्यांना लागू केला गेला होता. अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी दुसरी संधी घेत असतो. आजारी विद्यार्थ्याची ती पहिलीच संधी असते. संगणक प्रणालीत या दोघांसाठी एकच रकाना होता, म्हणून दोघांना एकच नियम लागला. पाचही विषयांत मिळून तिचे ३७ गुण त्या एका रकान्यामुळे गेले होते. जीएफएम सरांनी स्वतः अर्ज लिहून दिला, विभागप्रमुखांनी त्यावर शिफारस केली, आणि तरीही परीक्षा विभागाने “प्रणालीत तशी सोय नाही” एवढेच उत्तर दिले.

त्याच आठवड्यात हजेरीची डिफॉल्टर यादी, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांची यादी, लागली आणि त्या यादीत तिचे नाव होते. हा भाग थोडा आकड्यांचा आहे, पण तो समजून घेतल्याशिवाय पालक उगाच घाबरतात, म्हणून सविस्तर लिहिते. एका सत्रात किमान ९० अध्यापन दिवस असावेत असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा दंडक आहे आणि आमच्या महाविद्यालयाचे वेळापत्रकही तेवढ्याच दिवसांचे होते. ७५ टक्के हजेरीची अट धरली, तर ९० पैकी २२ दिवसांपर्यंतची गैरहजेरी चालते. लेकीचे आजारपणाचे १८ दिवस आणि त्याआधी गौरी-गणपतीसाठी गावी आल्याचे ३ दिवस, असे एकूण २१ दिवस होतात. म्हणजे पुढचा एकही दिवस चुकवला नाही तर सत्राअखेर तिची हजेरी ७६.६७ टक्के भरणार होती. परंतु यादी काढली त्या दिवशी ६० दिवस झाले होते आणि त्यांपैकी ती ३९ दिवस हजर होती. ते होतात ६५ टक्के. यादी त्या दिवसापुरता हिशेब करते, आणि सोबतच्या पत्रात मात्र “आपल्या पाल्यास सत्रान्त परीक्षेस बसू दिले जाणार नाही” असे लिहिलेले असते. आजारपण सत्राच्या मध्यावर आले की प्रत्येक विद्यार्थ्याचे असेच होते. पत्रात एक ओळ वाढवून “उर्वरित सर्व दिवस हजर राहिल्यास आपली हजेरी इतकी होईल” एवढे छापले, तर कितीतरी घरांतील झोप उडणार नाही. आमच्या घरी ते पत्र आले त्या रात्री लेकीने फोनवर विचारले, “आई, माझं वर्ष जाणार का गं?” ती अजून औषधे घेत होती.

वैद्यकीय कारणासाठी हजेरीत किती सूट मिळते, असे विचारल्यावर वेगवेगळ्या टेबलांवर वेगवेगळी उत्तरे मिळाली. एकाने दहा टक्के सांगितले, दुसऱ्याने प्राचार्यांच्या अधिकारात आहे असे सांगितले, तिसऱ्याने सूट मिळतच नाही असे सांगितले. लेखी कोठेच काही नव्हते. असे नियम लिहून ठेवता येतात याचा दाखला दूर नाही: जानेवारी २०२३ मध्ये केरळमधील कोचीन विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठाने मासिक पाळीच्या त्रासासाठी विद्यार्थिनींना प्रत्येक सत्रात हजेरीत दोन टक्के जादा सूट दिली, आणि त्याच महिन्यात तेथील सरकारने ती सोय राज्यातील विद्यापीठांना लागू केली, म्हणजे मुलींसाठी ७५ ऐवजी ७३ टक्के. आकडा लहान आहे. परंतु तो छापलेला आहे, प्रत्येक मुलीला तो आधी माहीत आहे, आणि त्यासाठी कोणत्याही खिडकीवर विनवणी करावी लागत नाही. मुंबईला वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या माझ्या भाचीच्या महाविद्यालयात आजारपणामुळे पेपर हुकलेल्यांच्या अतिरिक्त परीक्षेची सूचना अर्जाच्या मुदतीसह मुख्य परीक्षेच्या वेळापत्रकाखालीच छापलेली असते, हेही मी तुलनेसाठी नमूद करते.

प्रात्यक्षिकांविषयी मला मनापासून चांगले लिहायचे आहे. चार प्रयोगशाळांचे मिळून तिचे १४ प्रयोग राहिले होते. तासिका बुडाली तर मैत्रिणीची वही वाचता येते, परंतु ऑसिलोस्कोपवर हात बसण्यासाठी प्रयोगच करावा लागतो. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेतील सहायकांनी स्वतः होऊन तिला दुसऱ्या बॅचबरोबर बसवून घेतले, शिवाय तीन शनिवारी सायंकाळी सहापर्यंत थांबून राहिलेले प्रयोग पूर्ण करून घेतले. त्यांना त्याचा कोणताही जादा मोबदला मिळत नाही. नुसती जर्नल उतरवून सही घे, असे त्यांनी एकदाही सांगितले नाही, आणि हीच गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. गणिताच्या मॅडमनी लाप्लास रूपांतराचा संपूर्ण भाग दोन मधल्या सुट्ट्यांमध्ये पुन्हा शिकवला. वर्गातील दोघींनी रोजच्या वह्यांचे फोटो न चुकता पाठवले होते, परंतु ती ते घरी वाचू शकत नव्हती. शिक्षकांनी समोर बसवून समजावल्यावरच त्या वह्यांचा उपयोग झाला. ज्या आजारात डोके चालत नाही, त्या आजारात ‘नोट्स पाठवल्या आहेत’ एवढ्याने अभ्यास भरून निघत नाही, हे इतर शिक्षकांनीही लक्षात घ्यावे, अशी एक शिक्षिका म्हणून माझी विनंती आहे.

गुणांच्या आणि हजेरीच्या प्रश्नावर आम्ही शेवटी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज केला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एप्रिल २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अशी समिती असणे बंधनकारक आहे, तीत विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी असतो, आणि अर्ज आल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत समितीने आपला अहवाल द्यायचा असतो. त्या निर्णयाने समाधान झाले नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे दाद मागता येते. ही समिती महाविद्यालयात आहे हे लेकीच्या वर्गातील एकाही मुलीला माहीत नव्हते. अर्जात आम्ही कोणाविरुद्ध तक्रार लिहिली नाही. पहिल्या रात्रीचा ई-मेल, तारखांचा तक्ता, दोन्ही प्रमाणपत्रे आणि उत्तरपत्रिकेवरील गुण एवढे जोडले, आणि दोनच मागण्या केल्या: आजारी विद्यार्थ्यांच्या पुनर्परीक्षेचे मिळालेले पूर्ण गुण धरावेत आणि आजारपणाचे दिवस हजेरीच्या हिशेबात सवलतीस पात्र मानावेत.

समितीचे उत्तर तेराव्या दिवशी आले. पाचही विषयांचे पूर्ण गुण धरण्यात आले, आणि त्याच कारणाने गुण कापले गेलेल्या आणखी सहा विद्यार्थ्यांचे गुणही दुरुस्त झाले. त्यांपैकी चौघांनी अर्जच केला नव्हता. या दुरुस्तीसाठी मी समितीचे मनापासून आभार मानते. १८ पैकी १८ दिवस वैद्यकीय रजा म्हणून नोंदले गेले. पुनर्परीक्षेचे शुल्क परत मिळाले नाही. सात दिवसांची मुदत आणि स्वतः हजर राहण्याची अट बदलण्याचा विषय विद्वत परिषदेच्या, म्हणजे शैक्षणिक नियम ठरवणाऱ्या मंडळाच्या, पुढील बैठकीत ठेवू, असे लेखी कळवण्यात आले.

याच महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या पालकांनी विचारले, तर मी नको म्हणणार नाही. येथे शिकवणारी माणसे चांगली आहेत. फक्त प्रवेशाच्या दिवशीच जीएफएमचा ई-मेल पत्ता लिहून घ्यावा, आजारपणाच्या पुनर्परीक्षेचा नियम लेखी मागावा, आणि मूल वसतिगृहात राहणार असेल तर त्याच्या खोलीतल्या मैत्रिणीचा किंवा मित्राचा फोन क्रमांक आपल्याकडे ठेवावा. आमच्या लेकीला पहिल्या रात्री डॉक्टरांकडे नेले ते त्या मैत्रिणीनेच.

लेकीने काल खिडकीच्या काचेवरील सूचनेचा फोटो पाठवला. सात दिवसांची अट अजून तशीच आहे. या सत्राची मध्यसत्र परीक्षा मार्चमध्ये आहे. तोपर्यंत ती सूचना बदलली तर या अभिप्रायात तशी नोंद करून परीक्षा विभागाचे गुण मी वाढवेन.